फंडाची कल्पना मांडायची कुठं? मराठी विकिपीडियावाल्यांचे नेहमीचे प्रश्न

कार्यशाळा घ्यायचीय, स्कॅनर हवाय, फोटोवॉकसाठी प्रवासखर्च हवाय, असं काही डोक्यात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न पैशाचा नसतो, "हे बोलू कुठं" हाच असतो. मेसेज करून, भेटल्यावर, फोनवर परत परत जे विचारलं गेलं ते इथं एकत्र केलंय. कोणतंही उत्तर एकटं वाचलं तरी चालेल, जिथं दुसरीकडं जास्त सविस्तर लिहिलंय तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. एकच जागा सांगा, कल्पना सगळ्यात आधी कुठं टाकू?

मराठी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, आणि मराठीत. काम जे लोक करणार आहेत ते तिथं आहेत, लिहिलेलं तिथं राहतं, आणि पाच वर्षांनी येणाऱ्या माणसालाही ते वाचता येतं. मेटा (प्र. ३), टेलिग्राम, व्हॉट्सॲप, गुगल मीट सगळं नंतर. अपवाद आहेत थोडे, ते प्र. ११, १२ आणि १६ मध्ये.

२. चावडीवर मी कधीच लिहिलं नाहीये, तिथं लिहायचं कसं? मोठमोठे सदस्यच बोलतात ना तिथं?

अजिबात नाही, ज्याचं खातं आहे त्यानं खुशाल लिहावं. नवीन विभाग जोडा, शीर्षकात "मदत हवी" असं मोघम न लिहिता "अमुक तालुक्यात फेब्रुवारीत कार्यशाळा, निधीबद्दल मत हवं" असं स्पष्ट लिहा, खाली मजकूर, आणि शेवटी चार टिल्डा (~~~~) टाकून सही करा. सही विसरली की कोण बोलतंय तेच कळत नाही आणि मग तीच विचारणा दोनदा होते. ज्यांचं मत हवंच आहे त्यांना साद साचा (सदस्यनाव घालायचा तयार कोड) लावून साद घाला म्हणजे त्यांना सूचना जाते. शुद्धलेखनाची भीती नको, चावडीवर कुणी ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसत नाही.

३. मग हे मेटा काय आहे? तिथं का पाठवतात सगळे?

मेटा-विकी म्हणजे सगळ्या विकिमीडिया प्रकल्पांचा सामायिक विकी, २००१ पासूनचा. कुठल्याही एका भाषेचा नाही, त्यामुळे सगळ्यांशी संबंधित गोष्टी, म्हणजे निधी, निवडणुका, धोरणं, तिथं चालतात. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या निधीची माहिती आणि लोकांनी केलेले अर्ज तिथंच दिसतात. छोट्या कामांसाठी रॅपिड फंड असतो, साधारण ५०० ते ५,००० डॉलरपर्यंतचा, त्याहून मोठ्या किंवा वर्षभराच्या कामासाठी वेगळे फंड आहेत. अर्ज आता फ्लक्स नावाच्या पोर्टलवर भरतात पण प्रस्ताव मेटावर सगळ्यांना दिसतो, त्याला चर्चा पान असतं, समर्थनाची जागा असते.

थोडक्यात पैसे देणारे मेटावर वाचतात आणि राबणारे चावडीवर असतात. दोन्हीकडं लिहायचं कसं ते प्र. ७ मध्ये.

४. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सगळे ॲक्टिव्ह लोक त्यातच आहेत, तिथं पटकन ठरतं. तिथंच ठरवलं तर बिघडतं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांब उत्तर देतो.

माझ्यासमोर घडलेलं सांगतो. एका गावातल्या वाचनालयात दिवसभराची कार्यशाळा ठरली होती, २५ जणांची. बजेट व्हॉट्सॲपवरच झालं, जेवण माणशी १८० रुपये म्हणजे ४,५००, दोन डोंगलचा रिचार्ज, बाहेरून येणाऱ्या चौघांचा एसटीचा खर्च, बॅनर. सगळं संध्याकाळी तासाभरात ठरलं, अंगठे आले, हात जोडलेले आले, सगळे खूश. कार्यशाळेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता खाती उघडायला बसलो तर सहा खाती झाली आणि सातव्याला नकार यायला लागला, कारण एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. जुन्या माणसांना हे पाठ असतं, आधी विनंती केली तर ही मर्यादा त्या दिवसापुरती वाढवून मिळते. पण ते जुने लोक त्या ग्रुपमध्येच नव्हते. बाकीच्या एकोणीस पोरापोरींनी आपापल्या मोबाईल डेटावर कशीबशी खाती उघडली, काहींची झालीच नाहीत, तीन कॉलेजच्या मुली तर जेवणानंतर निघूनच गेल्या. त्या परत कधी विकीवर दिसल्या नाहीत, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, कारण चावडीवर चार ओळी टाकल्या असत्या तर कुणीतरी अर्ध्या दिवसात सांगितलं असतं, "आयपीचं बघितलंत का?"

पुढं अहवाल लिहिताना दुसरी अडचण. प्रवासखर्च चौघांनाच का, पाचव्याला का नाही, हे कुणी ठरवलं ते सापडेना. ज्यानं ते लिहिलं होतं त्यानं फोन बदलला होता आणि बॅकअप नव्हता. कुणाच्या मनात काही काळं नव्हतं, पण पाचव्या माणसाला ते लागायचं ते लागलंच.

तर बिघडतं ते हे. ग्रुपमध्ये नसलेल्याला काही कळत नाही, नवीन आलेल्याला मागची चर्चा आपोआप दिसत नाही, मेसेज दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, आणि अंगठा म्हणजे "वाचलं" की "मान्य" ते कुणालाच माहीत नसतं. व्हॉट्सॲप वापराच, पण चावडीवरची लिंक पाठवायला, "बघा रे, मत द्या" म्हणायला. तिथं कुणी चांगला मुद्दा काढला तर त्याला प्रेमानं म्हणायचं, हेच चावडीवर टाक ना.

५. टेलिग्राम तरी चालेल का? तिथं शोधता येतं, जुनं दिसतं.

व्हॉट्सॲपपेक्षा बरंच बरं, भारतातल्या बऱ्याच विकी समुदायांचे ग्रुप टेलिग्रामवर आहेत आणि शंका विचारायला ते उत्तमच. पण निर्णयाची जागा म्हणून तीच अडचण, संपादनाचा इतिहास नाही, आणि मेटावरच्या अर्जात "समुदायाशी चर्चा केली का" याला उत्तर म्हणून बंद ग्रुपची लिंक देऊन भागत नाही, वाचणाऱ्याला ती उघडतच नाही. बाकी प्र. ४.

६. चावडीवर टाकलं, आठ दिवस झाले, एकही उत्तर नाही. आता काय?

खूप जणांचा हिरमोड इथंच होतो आणि ते साहजिक आहे. समुदाय लहान आहे, नेमानं येणारी माणसं मोजकीच, त्यात परीक्षा, गणपती, दिवाळी असली की शांतताच. पण बऱ्याचदा प्रश्न फार मोठा असतो म्हणूनही उत्तर येत नाही. "माझ्या प्रकल्पाबद्दल आपले मत कळवावे" याला माणूस काय लिहिणार? त्याऐवजी "२५ जणांना शिकवायला आम्ही दोघं पुरू का, अजून कोण येऊ शकेल?" असं विचारलं की लगेच कुणीतरी बोलतं.

आठ दिवसांनी त्याच विभागात खाली एक ओळ टाका, तीन-चार जणांना त्यांच्या चर्चा पानावर जाऊन नम्रपणे विचारा, ग्रुपवर लिंक द्या. तीन आठवडे झाले तरी कुणी काही बोललं नाही तर पुढं जा, आणि अर्जात खरं तेच लिहा, की अमुक तारखेला चावडीवर मांडलं, इतके दिवस थांबलो, हरकत आली नाही. हरकत नव्हती म्हणजे पाठिंबा होता असं मात्र लिहू नका, ते खोटं होतं.

७. म्हणजे चर्चा दोनदा करायची का, चावडीवर मराठीत आणि मेटावर इंग्रजीत?

नाही, एकदाच. चर्चा चावडीवर, मेटावर तिचा चार-पाच ओळींचा गोषवारा आणि लिंक. मेटा बहुभाषिक आहे, मराठीत लिहायला तिथं काही बंदी नाही, पण प्रस्ताव वाचणारे बरेचसे अमराठी असतात हे धरून चाला. मला स्वतःला असं फार वाटतं की चर्चा इंग्रजीत सुरू केली की निम्मी माणसं पहिल्याच दिवशी गप्प होतात, आणि ती बहुतेक तीच असतात ज्यांच्या गावात कार्यशाळा होणार असते. शिक्षिका, निवृत्त कारकून, कीर्तनं टाइप करणारे काका, यांचं मत इंग्रजी येत नाही म्हणून हुकलं तर ते आपलंच नुकसान.

मेटावर कुणी प्रश्न विचारला तर उत्तर तिथंच द्या, आणि मुद्दा महत्त्वाचा असला तर चावडीवरच्या विभागात एक ओळ टाका की असं विचारलंय, असं उत्तर दिलं.

८. कल्पना अजून कच्ची आहे, लोक हसतील. आधी दुसरीकडं कुठं घोळवता येईल?

आपल्या सदस्य पानाच्या उपपानावर किंवा धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहा आणि दोघा-तिघांना चर्चा पानावर बोलावून दाखवा. पूर्वी मेटावर खास यासाठी आयडियालॅब होती, २०१३ च्या सुमाराला सुरू झालेली, कच्ची कल्पना टाकायची, कुणी हात द्यायला पुढं यायचं, मार्च २०१५ मध्ये तर लिंगभावातली दरी कमी करण्याच्या कल्पनांसाठी तिथं मोठी मोहीम झाली होती. आता तिथं पूर्वीसारखी वर्दळ नाही त्यामुळे तिथं टाकून वाट बघत बसू नका. पण जुनी पानं आहेत तशी आहेत, चाळून बघा, आपल्यासारखंच कुणीतरी आधी करून बघितलेलं सापडतं.

आणि कच्चं आहे असं सांगूनच कच्चं मांडलं तर चावडीवर कुणी हसत नाही. पक्कं ठरवून आणलं की उलट लोक म्हणतात, सगळं ठरलंय तर आम्हाला विचारता कशाला.

९. बजेटचे आकडे उघड टाकायचे? लोक वाईट बोलतात पैशावरून.

टाकायचेच. आकडा दिसला नाही की अंदाज सुरू होतात आणि अंदाज नेहमी खऱ्या आकड्यापेक्षा मोठा असतो. ओळ न ओळ लिहा, जेवण किती जणांचं, दर काय, प्रवास कुठून कुठं. याचा फायदाही होतो, कुणीतरी सांगतं की प्रोजेक्टर भाड्यानं कशाला, आमच्या कॉलेजचा आहे की.

१०. मग बँकेची माहिती, फोन नंबर, हेही टाकायचं का?

नाही, कधीच नाही! पॅन, आधार, खाते क्रमांक, घरचा पत्ता, सहभागी मुलांचे फोन नंबर, हे ना चावडीवर ना मेटावर ना टेलिग्रामवर. विकीवरून मजकूर काढला तरी तो इतिहासात राहतो, प्रचालकाला (विकीवर जास्तीचे अधिकार असलेल्या सदस्याला) सांगून आवृत्ती लपवता येते पण तोवर कुणी बघितलेलंही असू शकतं. ही माहिती फक्त फंडाच्या अधिकृत अर्जात किंवा ते मागतील त्या ईमेलवर. सहभागी अल्पवयीन असतील तर नावं आणि फोटोंबद्दलही आधी पालकांना विचारा.

११. काम विकिपीडियाचं नाही, विकिस्रोतावर जुनी पुस्तकं चढवायचीत. तरी चावडीच का?

हा पहिला अपवाद. जिथं काम होणार तिथल्या समुदायाच्या पानावर मुख्य चर्चा, चावडीवर नुसती चार ओळींची वर्दी आणि लिंक. कारण विकिस्रोतावरचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो स्कॅनरच्या किमतीचा नसतो, लेखक कधी वारले हा असतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. एका वाचनालयाची २०० पुस्तकं वाळवीपासून वाचवायची म्हणून कळकळीनं यादी केली, आणि त्यातली निम्मी अजून हक्कात असली तर स्कॅन करूनही चढवता येत नाहीत. ही चाळणी पैसे मागायच्या आधी झाली पाहिजे, आणि ती करणारी माणसं तिथं आहेत. फोटोंचा प्रकल्प असेल तर असंच कॉमन्सचं, म्हणजे विकिमीडियाच्या फोटो-चित्रांच्या साठ्याचं बघा, परवान्याबद्दलच्या शंका तिथं विचाराव्यात.

१२. आम्ही आणि कोंकणी विकिपीडियावाले मिळून काहीतरी करतोय. कुणाच्या चावडीवर बोलायचं?

मुख्य पान मेटावर काढा, दोघांपैकी कुणाच्याच मालकीचं नसलेलं, आणि दोन्हीकडं आपापल्या भाषेत लिंक द्या. एकाच्या चावडीवर घेतलं की दुसऱ्यांना पाहुण्यासारखं वाटतं. गोव्याच्या बाबतीत हे जरा जास्तच जपावं, मराठी-कोंकणीचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, मोठा भाऊ म्हणून मराठीनं सगळं ठरवलं असं चुकूनही दिसायला नको. गोवा विद्यापीठानं २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली दिला, त्यांच्याकडून शिकण्यासारखं भरपूर आहे.

१३. प्रचालकांची परवानगी लागते का? आणि कुणी विरोध केला तर?

परवानगी लागत नाही, निधी देणं न देणं हे प्रचालकांच्या हातात नसतंच. त्यांचं मत अनुभवी सदस्याचं म्हणून घ्या.

विरोध आला तर तो नीट वाचा. "मागच्या कार्यशाळेतले लेख अजून साफ करतोय आम्ही" असा विरोध असेल तर तो सोन्यासारखा आहे, बजेटमध्ये नंतरच्या साफसफाईचे दोन रविवार धरा आणि तसं लिहा. मतं मोजू नका, मुद्द्यांना उत्तरं द्या. विरोध वैयक्तिक पातळीवर गेला तर तिथं उत्तर देत बसायचं नाही, विकिमीडियाची सार्वत्रिक आचारसंहिता आहे, तक्रारीची वाट वेगळी आहे. आणि विरोधी मत आलं म्हणून तो विभाग सोडून ग्रुपवर जाऊन ठरवून यायचं, हे तर करूच नका, यातून तुटलेली माणसं मी बघितलीत.

१४. मित्रांना सांगून मेटावर समर्थन टाकायला लावलं तर चालेल का?

लिंक सगळ्यांना द्या, "वाचून जे वाटेल ते लिहा" म्हणा, इतकं चालतं. एकाच दिवशी दहा नव्या खात्यांवरून "छान उपक्रम, शुभेच्छा" आलं की बघणाऱ्याला लगेच कळतं. त्यापेक्षा "मी त्या दिवशी येऊन दोन तास शिकवेन" असं एका माणसानं लिहिलं तर त्याला वजन आहे.

१५. कामाचा मोबदला मी स्वतः घेणार असेन तर ते चर्चेत सांगायचं का?

पहिल्याच परिच्छेदात सांगा. वर्षभराच्या समन्वयाला मोबदला मागणं यात लाजण्यासारखं काही नाही, लपवण्यात आहे. मात्र लेख लिहायचे पैसे हा वेगळा विषय, त्यासाठी हे फंड नसतात, आणि पैसे घेऊन संपादन केलं तर ते जाहीर करणं विकिमीडियाच्या वापराच्या अटींमध्येच २०१४ पासून बंधनकारक आहे.

१६. पैसे अमेरिकेतून येणार, भारतात ते घेता येतात का? हेही चावडीवरच विचारू?

विचारा, पण उत्तर चावडीवरून घेऊ नका. हा तिसरा अपवाद. परदेशी निधीचा कायदा, एफसीआरए, २०१० चा आहे आणि २०२० मध्ये तो बराच कडक झाला. शैक्षणिक, सांस्कृतिक, सामाजिक कार्यक्रम चालवणाऱ्याला परदेशी देणगी घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, नोंदणी असलेल्या संस्थेला ते पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेच्या खात्यात घ्यावे लागतात, आणि आलेले पैसे पुढं दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. "आमच्या ओळखीच्या संस्थेच्या नावावर घेऊ आणि मग वाटून घेऊ" हे कुणी कितीही सहज सुचवलं तरी त्या वाटेला जाऊ नका. आधी फंडाच्या दक्षिण आशियाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना ईमेल, मग आपला सीए. उत्तर काय मिळालं ते चावडीवर थोडक्यात टाका, पुढच्याला उपयोग होतो.

पैसे हातात न घेता मदत मिळण्याच्याही वाटा असतात. बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या सीआयएस-ए२के या उपक्रमानं २०१२ पासून भारतीय भाषांच्या समुदायांसोबत काम केलंय, अशा संस्थांकडं विनंती करायची तर तीही मेटावर उघडपणे करा, खासगी फोनवर नको.

१७. मी दुबईत राहते, इथल्या महाराष्ट्र मंडळात कार्यशाळा घ्यायचीय. मला चावडी लागू आहे का?

आहे, काम मराठी विकिपीडियावर होणार आहे ना, मग चर्चाही तिथंच. कायदा आणि फंडाचा विभाग मात्र तुमच्या देशाप्रमाणे बघावा लागेल, भारतासाठी प्र. १६ मध्ये जे लिहिलंय ते तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. आणि तिथं शुक्रवारी दुपारनंतर सुट्टी लागते आणि इथले लोक रविवारी मोकळे, तर मदतीला ऑनलाइन कोण बसेल ते आधीच विचारून घ्या.

१८. डेडलाइन चार दिवसांवर आलीय, तीन आठवडे कुठून आणू?

खरं सांगायचं तर पुढच्या फेरीला जा. जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांच्या आसपास सगळ्यांनाच कार्यशाळा घ्यायची असते, आणि दरवर्षी चावडीवर डिसेंबर संपताना धावपळ होते. त्यासाठी चर्चा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच सुरू झालेली बरी, फेरीच्या तारखा मेटावर बघून उलट्या मोजत या. अगदीच भरायचा असेल तर चावडीवर "वेळ कमी आहे, चार दिवसांत भरतोय, हरकत असेल तर सांगा, अर्ज मागे घेईन" असं लिहून भरा, आणि खरंच हरकत आली तर मागे घ्या.

१९. भेटीत किंवा ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळं ठरलं तर? तेही धरत नाही का?

भेटीत बोलणं सगळ्यात चांगलं होतं, त्याला तोड नाही. फक्त त्याच रात्री एकानं चावडीवर लिहायचं, कोण कोण होतं (विकीवरची सदस्यनावंच, खरी नावं नकोत), काय ठरलं, कशावर एकमत झालं नाही. आणि खाली लिहायचं की हा प्रस्ताव आहे, आठवडाभर मत येऊ द्या. जे येऊ शकले नाहीत, ज्यांना रात्री आठला घरकामातून मीटिंगला बसता येत नाही अशा बायका आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांना बोलायला तेवढी जागा राहते.

२०. पैसे मिळाले. आता पुढचं बोलणं कुठं?

ज्या विभागात सुरुवात केली त्याच्याच खाली. तो जुन्या चर्चेत हलवला गेला असेल तर नवीन विभाग काढून जुन्याची लिंक द्या. बदल झाला की लगेच एक ओळ, म्हणजे "हॉल मिळाला, भाडं वाचलं, त्या पैशात दुसरा दिवस घेतोय, चालेल ना?" असं. अधिकृत अहवाल मेटावर जातो तो जातोच, पण चावडीवरही मराठीत लिहा, किती लोक आले, कितीजण महिन्यानंतरही संपादन करताहेत, किती रुपये उरले, काय फसलं. आणि आयपीची विनंती (प्र. ४) कधी आणि कुठं केली होती तेही त्यात लिहा, पुढच्या कार्यशाळेवाल्याला लागतं ते.